लेकींची वई

वईच्या, म्हणजे शेतातली काटेरी कुंपणं छाटायच्या दिवशी कुंदाला न्यायला जीप दारात येऊन उभी राहिली, तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती. लग्न झाल्यापासून ती या दिवशी एकटीच रोडवेजच्या बसनं शहपुऱ्याला उतरायची आणि पुढं थोरल्या भावाच्या, रामरावदादाच्या बैलगाडीत बसून शेतावर जायची. या खेपेला धाकटा भाऊ श्यामसुंदर स्वतः आला होता. लढाई सुरू झाल्यापासून गोहलपुरातल्या त्याच्या छोट्या कारखान्यात लेथ मशिनी थांबत नव्हत्या. घरच्या सत्यनारायणाला ज्याला सवड होत नाही, तो बहिणीसाठी सबंध रविवार मोडतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. पण माहेरचं माणूस न्यायला आलं की भल्याभल्या बायकांची अक्कल रजेवर जाते. कुंदा नवी साडी सावरत, हरखून पुढच्या सीटवर बसली.

जीपच्या दिव्यांना ब्लॅकआउटसाठी अर्धा काळा रंग फासला होता. फौजेच्या गाड्या सुटत होत्या म्हणून तिचा नवरा, मोहनराव, रेल्वेच्या ऑफिसातून पहाटे घरी आला होता आणि दारात उभा राहून जांभया देत होता. त्यानं निघताना एवढंच सांगितलं, "श्यामजवळ हक्कसोडीचा कागद आहे. सही करून टाक. अण्णा गेले, आता भावांशी वाकडं घेऊन तुला काय करायचं आहे?"

तिला खरंच काही करायचं नव्हतं. वडिलांच्या मागं तिन्ही भावांनी शेत वाटून घ्यावं, यात तिला वावगं काही दिसत नव्हतं. सही करायची असं ठरवूनच ती निघाली होती.

नर्मदेकडची हिरवी शेतं दिसायला लागल्यावर श्यामसुंदरनं घसा साफ केला. "ताई, यंदा वई छाटायची नाही आहे. काढायची आहे."

"काढायची म्हणजे?"

"समूळ. हे बघ, पावसाळाभर आपण शेतं बांधून पाण्यात बुडवून ठेवतो. दसऱ्यानंतर पाणी सोडतो, मग त्या ओलीवर गहू. म्हणजे चार महिने जमीन नुसती झोपून राहते. मधले धुरे फोडले, वई काढली, तर एक सलग चक, एकच मोठं शेत होते. ट्रॅक्टर इकडून घुसला की तिकडं निघाला. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. शेतकी विद्यापीठवाले घरी येऊन सांगून राहिले."

"सोयाबीनचं काय करतात रे?"

"तेल काढतात."

"आणि खायचं काय?"

श्यामसुंदर हसला. धाकट्या भावांचं हसू मोठं गोड असतं. हा ट्रॅक्टर आणणार, हा सोयाबीन पेरणार, हा आपल्याला जीपमधून नेणार, अशा कौतुकात तिनं आणखी मैलभर काढला. मग तिनं विचारलं, "पण मग माझं काय काम?"

"तुझंच तर काम आहे. पहिली फांदी तुझ्याशिवाय कोण तोडणार? दादा ऐकतच नाही. म्हणते, कुंदाचा हात लागल्याशिवाय ट्रॅक्टर आत येऊ देणार नाही."

या घराण्यात शेत मुलांचं आणि वई लेकींची. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत या मुलखात आलेल्या मूळपुरुषाची बहीण सत्यवती सासर सोडून भावाकडे आली, आणि कुणाच्या ताटातलं खायचं नाही म्हणून शेतात झोपडी घालून राहिली, असं सांगतात. शेतांच्या मधल्या उंच मातीच्या बांधांना तिकडं धुरे म्हणतात. त्या धुऱ्यांवर तिनं बोरी लावल्या, करवंदी लावल्या, बाभळी रुजवल्या, त्यांच्यावर सागरगोट्याचे वेल चढवले. त्या काटेरी वईतून जे निघेल ते तिचं. ती गेल्यावर घरच्या पुढच्या लेकीचं. मार्गशीर्षात छाटणी निघाली की पहिली फांदी लेकीनं तोडायची, मग कोयता भावाच्या हातात द्यायचा. भावजयीनं तिला घरात नेऊन ओटी भरायची, आणि लेकीनं बोरं, डिंक, मध काय असेल ते बांधून सासरी न्यायचं. सत्यवतीला भावानं हे प्रेमानं दिलं की तिची कटकट चुकवायला, ते आता कुणाला सांगता येणार नाही. बहुधा दुसरंच असावं. पण एकदा रिवाज पडला की तो कशासाठी पडला हे कुणी विचारत नाही.

शेतावर उतरल्यावर कुंदानं वई पाहिली. अण्णा आजारी पडल्यापासून ती धड छाटलीच गेली नव्हती. करवंदीच्या फांद्या उगवत्या गव्हावर येऊन पसरल्या होत्या, बोरी वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. आणि जुन्या बाभळींच्या बुंध्यांवर चुन्याचे पांढरे पट्टे ओढले होते. पाडायची झाडं ओळखू यावीत म्हणून ते ओढले होते. तिचा हात लागायच्या आधीच कुणीतरी चुन्याचा हात फिरवून गेलं होतं.

दरवर्षी ती पाय धुऊन सरळ चुलीपाशी जायची आणि पातेल्यातला चहा स्वतःच ओतून घ्यायची. आज रामरावदादाच्या बायकोनं, शैलजावहिनीनं तिला ओसरीवर खुर्ची दिली. मग ट्रेमधून चहा आला, ठेवणीतल्या फुलाफुलांच्या कपबशीत, सोबत बिस्किटं.

"मी येते ना आत," कुंदा उठत म्हणाली.

"बसा हो ताई. तुम्ही काहून उठून राहिल्या? एवढ्या लांबून आल्या."

वहिनीचा हेतू चांगला होता. ती कपबशी कलेक्टर कचेरीतला माणूस आला तरच बाहेर निघायची. पण कुंदाला एकदम रडू आलं, आणि ते तिनं चहाबरोबर गिळलं.

"वहिनी, पुढच्या वर्षी मी कधी येऊ?"

"कधीही या की. तुमचंच घर आहे."

"हो, पण कधी? वईचा दिवस तर राहणार नाही."

शैलजेनं ट्रेमधली बिस्किटं सारखी केली. "पत्र टाका ना तुम्ही," ती म्हणाली. "मी ह्यांना विचारून कळवीन."

इतक्या वर्षांत कुंदानं कधी पत्र टाकलं नव्हतं. वईचा दिवस आला की ती यायची. तिला बोलावणं कुणी करत नसे, आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. रामरावदादाशी मध्ये एक सबंध वर्ष अबोला होता, त्याही वर्षी ती आली होती, फांदी तोडली होती, ओटी घेतली होती आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता डिंक घेऊन गेली होती. असं हक्कानं रुसून येता येईल अशी दुसरी जागा तिला जगात नव्हती.

"आत्या, पापा बुला रहे हैं," रामरावाची मुलगी नंदा परकराच्या ओच्यात बोरं घेऊन आली. मग आईनं डोळे वटारलेले पाहून म्हणाली, "म्हणजे, बाबा बोलावून राहिले."

अंगणातल्या बाजेवर अच्युतभैयानं नकाशा पसरला होता. हा मधला भाऊ तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होता. केसाएवढा फरक दिसला की तो माल परत पाठवायचा, आणि घरीही पोळीची कड जाड लागली तर तीच वागणूक पोळीला मिळायची. बारा बारा तासांच्या पाळ्या चालू असताना त्यानं शेताचा नकाशा काढला होता, आणि संध्याकाळच्या पाळीला परत पोचायचं म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता.

"निळं दादाचं, तांबडं माझं, हिरवं श्यामचं," तो पेन्सिलीनं दाखवत म्हणाला. "कोणाला इंचभर कमी निघालं तर माझं नाव बदला."

कुंदा वाकली. रंगांच्या मधून वाकड्यातिकड्या पांढऱ्या पट्ट्या गेल्या होत्या.

"भैया, हे पांढरं काय आहे?"

"वई."

"ती कोणाच्या वाट्याला?"

"कोणाच्याच नाही. काट्यातून टेप जाईना. मग मी प्रत्येक शेत आतून मोजलं, वईच्या कडेपर्यंत. नळीचं आतलं माप घेतात ना, तसं."

"त्यानं काही फरक पडत नाही," श्यामसुंदर म्हणाला. "वई निघाली की ती जागा जो तो आपल्या शेतात ओढून घेईल."

रामराव बाजेच्या टोकाला गुडघा दाबत बसला होता. अण्णांच्या मागं तो फार हळवा झाला होता, उठता बसता त्याचे डोळे भरून यायचे. "वई तर तुझीच आहे बाई," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्या हातानं निघावी असं वाटते आम्हाला. तू पहिली फांदी तोड. बाकी ट्रॅक्टर पाहून घेईल."

"माझीच आहे ना, दादा?"

"म्हणजे काय! सत्यवती आजीपासून लेकीचीच आहे."

"भैया, तुलाही असंच वाटते?"

"त्यात वाटायचं काय? आहेच."

"आणि श्याम, तू?"

"ताई, तू पण ना!" श्यामसुंदरनं पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "तुझीच आहे. चलो, सही कर, म्हणजे तहसीलीत नावं चढवता येतील."

हे विचारताना कुंदाच्या मनात डावपेच वगैरे काही नव्हते. काढून घ्यायच्या आधी कुणीतरी 'तुझी आहे' असं आणखी एकदा म्हणावं, एवढंच तिला वाटत होतं. पण तेच तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते शब्द खरेच वाटले. ती बाजेवर बसली आणि तिनं पेन हातात घेतलं.

"करते सही. शेतावरचा सगळा हक्क सोडला. पण खाली एक ओळ लिही, श्याम. नकाशातलं पांढरं तेवढं माझं."

मग श्यामसुंदर हसला, पण हे हसू जीपमधलं नव्हतं. "काहून मस्करी करून राहिली?"

"मस्करी नाही करत."

"अगं, ती प्रत्येक शेताच्या मधून गेली आहे! ती राहिली तर चक कशी होईल? धुरा कसा फुटेल? ट्रॅक्टर काय उडत जाईल?"

"नाही फुटणार धुरा."

"लढाई चालू आहे, ताई. धान्य वाढवा म्हणून रेडिओ रोज ओरडून राहिला. आणि तू बोरांसाठी अडून बसली?"

"बोरांसाठी नाही रे," कुंदा म्हणाली. "बोरं मला घराजवळ गोरखपूरच्या बाजारात मिळतात. शेत तुमचं झालं. घर वहिनींचं आहे. अण्णा गेले. आता मी आले तर कोणाकडे उतरू, निळ्यात की तांबड्यात? वई आहे तोवर मी न विचारता येते. ती गेली की मला पत्र टाकून विचारावं लागेल, येऊ का म्हणून."

दारात उभ्या असलेल्या शैलजेनं मान खाली घातली.

"सगळा घोळ भैयाच्या नकाशाचा आहे," श्यामसुंदर तिकडं वळला. "वईची जागा धरूनच मोजायला पाहिजे होतं. नकाशाच चुकला."

अच्युतनं पेन्सिल खाली ठेवली. "काय चुकला?"

"भैया, मी आपलं..."

"काय चुकला ते दाखव. ही घे टेप. माझ्या सहीचा माल कारखान्यातून आजवर कोणी परत पाठवला नाही."

"हे कारखान्याचं काम नाही ना!"

"माप हे माप असते. तीन वाटे बरोबर आहेत की नाही? आहेत. पांढरं कोणत्या वाट्यात आहे? कोणत्याच नाही. नकाशात जे वाट्याला आलं नाही, ते वाटणीत नाही. मी काही आता नवा नकाशा काढत बसणार नाही."

अशा रीतीनं अच्युत बहिणीच्या बाजूला गेला. त्यात बहिणीवरचं प्रेम किती आणि स्वतःच्या टेपवरचं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण बाजूला आलेल्या माणसाची चौकशी करत बसायची ती वेळ नव्हती.

रामराव कावराबावरा झाला. "शैलजा, तूच सांग हिला. परवाच साप निघाला ना वईतून? तूच म्हणत होती, काढा ती एकदाची."

"निघाला," शैलजा म्हणाली.

"मग?"

शैलजा कुंदाकडे वळली. "ताई, तुमच्यामागं ती कोणाची?"

"नंदाची. माझे दोन्ही मुलगे. भैयाकडे मुलगे, श्यामकडे मुलगे. घरात दुसरी लेक आहे कुठं?"

नंदा पायरीवर बसून बोरं खात होती. स्वतःचं नाव ऐकून तिनं वर पाहिलं आणि बी थुंकली. तिचं लग्न दोनतीन वर्षांवर आलं होतं. आपली आई तिच्याकडे अशी का बघते आहे, हे तिला कळलं नाही. वई गेली, तर पुढं तीही कधीतरी या घरी यायचं म्हणून कुठल्यातरी गावाहून पत्र टाकणार होती, आणि तोवर इथं बहुतेक तिची भावजय राज्य करत असणार होती.

"साप तर नेहमीच निघतात," शैलजा म्हणाली आणि आत निघून गेली.

तिघांत रामरावच रोज या शेतात उभा राहायचा, त्यामुळं शेवटचा शब्द त्याचाच होता. "ठीक आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे आता कोरडे होते. "तोंडानं तुझी म्हटलं, तर तुझीच. पण ऐकून ठेव. छाटायला मला माणूस मिळत नाही. सगळे खमरियाला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेले. भोंगा वाजला की काम, भोंगा वाजला की सुट्टी. उन्हात काटे अंगावर घ्यायला आता कोण येते? वई फुगून माझ्या गव्हात घुसली ती उगीच नाही. तुला वई पाहिजे ना, मग छाटणी पण तुझी. माझा माणूस नाही, माझा बैल नाही, माझा हात नाही लागणार. आणि नाही छाटली, तर पुढच्या वर्षी ट्रॅक्टर येईल."

"येऊ दे," कुंदा म्हणाली. "मी छाटीन."

हे बोलणाऱ्या बाईनं जन्मात वर्षाला एक याहून जास्त फांदी तोडली नव्हती.

श्यामसुंदरनं कागदावर ती ओळ लिहिली, इतक्या जोरानं की निब वाकली. कुंदानं सही केली. कागद पिशवीत टाकून तो जीपकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "भैया, पाळीला पोचायचं असेल तर चला!" ताईनं कसं जायचं, हे त्यानं विचारलं नाही. अच्युतनं नकाशाची गुंडाळी केली, बहिणीच्या डोक्यावर अवघडून एक टपली मारली आणि तो गेला. आपण काय करून बसलो हे त्याला जीपमध्ये बसल्यावर कळलं असावं, कारण त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

धुऱ्यावर जाताना कुंदानं रिवाजाप्रमाणं कोयत्याला हळदकुंकू लावलं. रामराव मागून लंगडत आला. भांडण झालं तरी दिवसाचा रिवाज उरकायला पाहिजेच होता. तिनं समोरची बोरीची एक फांदी धरली, कोयता मारला, फांदी खाली पडली. मग दरवर्षीसारखा तिनं कोयता फिरवून, मूठ पुढं करून, भावासमोर धरला.

रामरावानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

तो दुष्ट माणूस नव्हता. शब्द दिला होता आणि तो पाळत होता, एवढंच. पण कोयता धरलेला हात तसा हवेत राहिला तेव्हा कुंदाला आपल्या भावाची आठवण आली. तो समोर उभा असताना आली. लहानपणी वईत शिरून तो तिच्यासाठी सागरगोटे काढून आणायचा, आणि कोपरापर्यंत ओरबाडलेले हात आईपासून लपवायला असेच पाठीमागं धरायचा.

तिनं कोयता परत आपल्याकडे वळवला आणि दुसऱ्या फांदीवर मारला. फांदी जाड होती. कोयता उसळला. पुन्हा मारला, अर्धी चिरली. तिसऱ्या घावाला ती तुटली आणि जाता जाता नव्या साडीचा पदर फाडून गेली. अंगठ्यात काटा मोडला, तो तिनं दातानं उपसून काढला. मग करवंदी. करवंदीचा चीक हाताला लागला की हात चिकट होतात आणि मूठ सटकते, हे तिला आजवर माहीत नव्हतं. रामराव मागं वळला आणि लंगडत गोठ्याकडे गेला.

मोजून हातभर वई साफ झाली असेल, तोवर शैलजा आली. तिच्या हातात ओटीचं ताट होतं: खण, नारळ, ओंजळभर गहू. नंदा मागं होती. शैलजेनं ननंदेचा फाटका पदर पाहिला, तिचे हात पाहिले, आणि पुढं लांबच्या लांब गेलेली वई पाहिली.

"नंदे," ती म्हणाली, "गोठ्यातून दुसरा कोयता घेऊन ये."

"किसके लिए?"

"तुझ्यासाठी."

"मला नाही येत, आई!"

"तुझ्या आत्याला तरी कुठं येते? बघ कशी मारून राहिली."

कुंदाला हसू आलं, आणि हसता हसता मघाशी चहाबरोबर गिळलेलं रडूही आलं. दोन्ही तिनं आवरलं नाही. नंदा पळत गेली. गोठ्याच्या दारात बापलेकीचं काहीतरी बोलणं झालं, ते इथवर ऐकू आलं नाही. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातातल्या कोयत्याला नुकतीच धार लावलेली होती.

शैलजा ताट घेऊन तशीच उभी होती. "चला ताई, घरात चला. पाटावर बसा, ओटी भरते."

"आता कुठं घरात येऊ, वहिनी? हात बघा माझे. इथंच भरा."

शैलजेनं एकदा घराकडे पाहिलं. मग ती धुऱ्याच्या मातीत बसली आणि तोडलेल्या फांद्या बाजूला सारून तिनं ननंदेपुरती जागा केली. त्या वर्षी कुंदाची ओटी वईत भरली गेली. पुढं ज्या ज्या वर्षी भरली, तिथंच. घरात ती पुन्हा कधी भरली नाही.